सेंट मेरी चर्च, क्राकुफ

सेंट मेरी चर्च : पोलंडची जुनी राजधानी क्राकुफ येथील विटांचे गॉथिक चर्च. ते मुख्य चौकाच्या कडेला तिरके उभे आहे, कारण चौकाची आखणी 1257 च्या सनदेनंतरची आणि चर्चची जागा त्याआधीची. तेराव्या शतकाच्या आरंभीचे मूळ चर्च मंगोल स्वाऱ्यांत उद्ध्वस्त झाले. आजची वास्तू मुख्यतः चौदाव्या शतकातली. दोन मनोऱ्यांची उंची असमान आहे. उंच मनोरा सुमारे 82 मी., तर दुसरा 69 मी. आहे.

उंच मनोऱ्यावरून दर तासाला, रात्रीसुद्धा, अग्निशमन दलाचा वादक चारही दिशांना ट्रंपेट वाजवतो. ही धून मध्येच तुटते. मंगोल हल्ल्याचा इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून ती तिथेच थांबते, असे सांगतात. ही कथा सर्वतोमुखी झाली ती विसाव्या शतकात. तिला इतिहास मानू नये.

चर्चचे खरे वैभव म्हणजे फाइट श्टोस या न्यूरेंबर्गहून आलेल्या शिल्पकाराने 1477 ते 1489 या काळात घडवलेली लाकडी वेदी. ती सुमारे 13 मी. उंच असून तिच्या मूर्ती लिंडनच्या लाकडाच्या आहेत. मधोमध मेरीचा अंतकाळ कोरला आहे. ती शय्येवर नाही. गुडघे टेकलेली, हळूहळू खाली खचत असलेली तरुण मेरी येशूच्या एका शिष्याने सावरून धरली आहे. भोवतीच्या शिष्यांच्या हातांवरच्या फुगलेल्या शिरा आणि चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या निरखून पाहाव्यात. देवघरात ठेवायच्या मूर्तीला शिल्पकाराने बाजारात भेटणाऱ्या माणसांचे चेहरे दिले, आणि म्हणूनच हे दुःख आजही जवळचे वाटते.

1939 मध्ये पोलिश लोकांनी वेदी सुटी करून लपवली, तरी नाझींनी ती शोधून जर्मनीला नेली. न्यूरेंबर्गच्या किल्ल्यात सापडल्यावर ती 1946 मध्ये पोलंडला परतली, पण चर्चमध्ये पुन्हा उभी राहिली 1957 मध्ये. भिंतींवरील रंगकाम चित्रकार यान मातेइको यांच्या आराखड्यानुसार 1889 ते 1891 दरम्यान झाले. छत ताऱ्यांनी भरलेले निळे आहे.

पर्यटकांसाठी बाजूचे दार आहे, मुख्य दार प्रार्थनेला येणाऱ्यांचे. वेदीची दारे एरवी सकाळी 11 वाजून 50 मिनिटांनी उघडतात. त्याआधी आत जाऊन बसावे.