गानशाळेचा करार आणि परतीची वाट

मुलाला गायनवादनाच्या वर्गात घालावयाचे ठरले म्हणजे पालकांच्या हाती प्रथम तंबोरा येत नाही की तबला येत नाही. येतो तो नियमांचा एक छापील कागद. शुल्क अमुक तारखेच्या आत भरावे, गैरहजेरीची सूचना आगाऊ द्यावी, वर्ग मध्येच सोडल्यास भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, वाद्याची मोडतोड झाल्यास भरपाई करावी, अशी दहापाच कलमे वाचून, पुष्कळदा न वाचताच, वडील खाली सही करतात. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ते मूल त्या वेळी शेजारी उभे राहून भिंतीवरच्या तसबिरी पाहात असते. हा कागद दिसावयास क्षुल्लक खरा. पण त्याचे कूळ जुने आहे. विद्या घ्यावयाची मुलाने आणि वचन द्यावयाचे पालकांनी, अशा ह्या चमत्कारिक कराराचा इतिहास पाहिला म्हणजे समाज संगीताची किंमत काय करतो आणि मुलाची काय करतो, ह्या दोन्ही गोष्टी एकदमच कळून येतात.

आपल्याकडील जुन्या रीतीत कागदाला स्थान नव्हते. गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांनी धारेस देवजीबुवांकडे व पुढे ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांकडे जी विद्या संपादन केली, ती गुरुगृही राहून आणि गुरुसेवा करून. गुरूच्या घरची कामे करावी, त्याची मर्जी राखावी आणि तो प्रसन्न होईल तेव्हा चीज पदरात पाडून घ्यावी, हाच अलिखित नियम. ह्या व्यवस्थेत जिव्हाळा पुष्कळ होता. परंतु गुरू किती वर्षांत किती शिकवील ह्याला बंधन नव्हते आणि शिष्याने किती सोसावे ह्याला सीमा नव्हती. सर्व काही माणसामाणसांवर अवलंबून असे.

ह्याच्या अगदी उलट टोकाची, म्हणजे सर्व काही नियमाने बांधलेली व्यवस्था पाहावयाची तर इटलीतील नेपल्स शहराकडे वळले पाहिजे. मुलांच्या संगीतशाळा म्हणून युरोपात ज्यांची कीर्ती झाली, त्या तेथील चार संस्था सोळाव्या शतकात स्थापन झाल्या त्या मुळी अनाथाश्रम म्हणून. त्यांतील सर्वांत जुनी, सांता मारिया दि लोरेतो, १५३७ सालची. ‘कॉन्सर्वेतोरिओ’ ह्या त्यांच्या नावाचा मूळ अर्थ जतन करण्याची जागा असा आहे. संगीत हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. निराश्रित पोरांना पोटापाण्याचा एखादा धंदा शिकवावा, तसे गायन शिकविण्यात येऊ लागले. आणि शहरातील देवळांत, मिरवणुकांत व अंत्ययात्रांत गाऊन ही मुले जे मिळवीत त्यातून संस्थेचा खर्च भागू लागला. पुढे तेथील शिक्षणाचा लौकिक वाढला तेव्हा आईबाप हयात असलेली मुलेही तेथे येऊ लागली.

१७७० साली चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतपंडित नेपल्सला गेला. त्या वेळी चारांपैकी तीन शाळा चालू होत्या. सान्तोनोफ्रिओ येथील विद्यार्थ्यांची खोली त्याने पाहिली. एकाच दालनात सातआठ हार्पसिकॉर्ड, त्यांहून अधिक व्हायोलिने आणि गाणारी मुले. प्रत्येकाचा राग निराळा, ताल निराळा. रात्री निजण्याच्या खाटा त्याच दिवसा बसण्याची आसने. तुतारी आणि शिंगे वाजविणाऱ्यांना तर जिन्यावर किंवा गच्चीवर हाकलून दिलेले. हिवाळ्यात मुलांनी उजाडण्यापूर्वी दोन तास उठावे आणि जेवणाचा दीड तास वगळता रात्री आठपर्यंत मेहनत करावी. वर्षातून सुटी एकच, तीही शरदऋतूत थोड्या दिवसांची. आपल्या शाळांचे तास ऐकून ज्यांना मुलांची दया येते, त्यांनी हे वेळापत्रक एकदा पुढ्यात घ्यावे.

पण आमचे लक्ष वेधतात ते प्रवेशाचे नियम. आठदहा वर्षांच्या मुलापासून वीस वर्षांच्या तरुणापर्यंत प्रवेश मिळे. जो लहानपणी येई त्याला आठ वर्षे राहणे बंधनकारक असे. मोठेपणी येणाऱ्याला आधीची तयारी चांगली असल्यावाचून सहसा घेत नसत. काही वर्षांनी अंगी गुण नाही असे ठरले तर मुलाला काढून टाकून त्याची जागा दुसऱ्याला देत. ह्याशिवाय शुल्क देऊन शिकणारे काही विद्यार्थी असत. त्यांना मात्र बाहेर जाण्यायेण्याची मोकळीक होती. म्हणजे संस्थेला मुलास काढून टाकता येई, पैसेवाल्यास आपल्या इच्छेने हिंडताफिरता येई, आणि ज्याच्यापाशी काही नव्हते तो आपल्या बाल्याची आठ वर्षे तारण ठेवी. ह्या तारणाचे फळ कधी कधी गोड निघे हे नाकारता येत नाही. दोमेनिको चिमारोझा हा गवंड्याचा व धोबिणीचा मुलगा १७६१ साली लोरेतोच्या शाळेत आला, आणि १७९२ साली व्हिएन्नात त्याची ‘इल मात्रिमोनिओ सेग्रेतो’ ही संगीतिका गाजली. कराराने बांधला गेला नसता तर त्याच्या हाती बापाची थापीच आली असती.

परंतु ह्याच चित्राला एक काळी बाजू आहे. त्या काळी इटलीत बालपणीच पुरुषत्व नष्ट करून कोवळा ठेवलेल्या गायकांच्या आवाजाला अतोनात मोल होते. सान्तोनोफ्रिओत अशी सोळा मुले बर्नीला आढळली. गळ्याला थंडी बाधू नये म्हणून त्यांना माडीवर उबदार खोल्या दिलेल्या होत्या. असली शस्त्रक्रिया करणाऱ्यास कायद्याने देहदंड आणि तीत सामील होणाऱ्यास धर्मबहिष्कार सांगितलेला होता, आणि ह्या शाळांतही तिला सक्त मनाई होती. ती होते तरी कोठे, अशी बर्नीने गावोगाव विचारपूस केली, तेव्हा प्रत्येक गावाने दुसऱ्या गावाकडे बोट दाखविले. शेवटी नेपल्समध्ये त्याला सांगण्यात आले, ते असे : आईबाप मुलाला प्रथम शाळेत आणतात, त्याच्या आवाजाची परीक्षा होते, आशा दिसल्यास ते त्याला घरी परत नेतात, आणि ते भयंकर कृत्य तेथे उरकले जाते. नियम मोडला जात नव्हता. शाळेचे हात स्वच्छ, कायद्याचा मान शाबूत. आणि नऊदहा वर्षांच्या पोराच्या साऱ्या जन्माचा निकाल त्याच्या स्वतःच्या घरात, त्याच्या जन्मदात्यांच्या संमतीने लागत होता. दारिद्र्याने आईबापांची मती कशी फिरते ह्याचे हे उदाहरण आहेच. पण केवळ दोन मोठ्या पक्षांनी आपापसांत केलेला करार मुलाचे रक्षण करण्यास पुरा पडत नाही, ह्याचेही ते उदाहरण आहे.

आता आपल्या देशात परत येऊ. बाळकृष्णबुवांचे शिष्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनी १९०१ च्या मे महिन्यात लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा त्यांच्यापुढची अडचण नेपल्सहून अगदी निराळी होती. येथे आईबाप मुलाला गायनाकडे लोटीत नव्हते. उलट, गाणे शिकला म्हणजे मुलगा वाया गेला, अशी मध्यम वर्गातील गृहस्थांची समजूत होती. पंडितजींच्या स्वतःच्या वाट्याला हा मार्ग आला तो लहानपणी दारूकामाच्या अपघाताने डोळे अधू होऊन शाळेची वाट बंद झाली म्हणून. तेव्हा लाहोरच्या शाळेतील शिस्त, प्रार्थना, निर्व्यसनी वर्तनाचा आग्रह, ठरीव अभ्यासक्रम, छापील पुस्तके, परीक्षा ही सारी व्यवस्था जितकी मुलासाठी तितकीच त्याच्या घरच्यांसाठी होती. मुलगा कोणत्या इयत्तेत आहे हे बापाला समजू लागले, आणि बापाची भीती निम्मी झाली.

शुल्क देणाऱ्या विद्यार्थ्यांखेरीज येथे उपदेशक वर्ग होता. त्यात गरीब घरची होतकरू मुले घेत. अन्न, निवारा आणि विद्या विनामूल्य मिळे, आणि त्याच्या बदल्यात दीर्घ मुदतीपर्यंत राहून संस्थेची सेवा करण्याचे बंधन पत्करावे लागे. येथेही बांधला गेला तो गरीबच, हे नेपल्सशी साम्य आम्ही झाकीत नाही. फरक आहे तो मुदतीनंतरचा. नेपल्सच्या माडीवरील मुलाला मुदत संपली तरी परतीची वाट नव्हती. लाहोर-मुंबईचा शिष्य बाहेर पडला तो धडधाकट, शिकविण्याचा सन्मान्य धंदा हाती घेऊन. पुढे कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेली आणि १९३१ साली पंडितजी निवर्तले. पण त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले आणि दुसऱ्या वर्षी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय काढले. अशा विद्यालयांतून सामान्य घरातले मूल सायंकाळी तासभर गाऊन रात्री आईच्या हातचे जेवावयास घरी येऊ लागले. वर्षांचा करार महिन्यावर आला, आणि पालकांच्या सहीचे वजनही त्याच मानाने हलके झाले.

ह्यावर कोणी म्हणेल की बंधनावाचून विद्या नाही. दहा वर्षांचे कोणते मूल आपण होऊन पलटे घोटील? हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. मुलाला विचारून रियाज ठरवावा असे आम्ही म्हणत नाही. पण सक्तीसक्तीत भेद आहे. जिच्यातून मागे फिरता येते ती शिस्त. जिच्यातून फिरता येत नाही तो घात. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालकांच्या हक्कांचा जो करार केला व जो भारताने १९९२ साली मान्य केला, त्याच्या बाराव्या कलमात मुलासंबंधीच्या बाबतीत त्याचे मत वयाच्या व समजुतीच्या मानाने विचारात घ्यावे असे सांगितले आहे. सान्तोनोफ्रिओच्या त्या सोळा मुलांच्या वाट्याला हे कलम आले नाही.

म्हणून पालकांना आमची सूचना एवढीच की, तो छापील कागद पुढे आला म्हणजे शुल्काच्या कलमाबरोबर आणखी एक कलम मनातल्या मनात लिहून घ्यावे : दोन वर्षे प्रामाणिकपणे मेहनत करूनही मुलाने ‘मला हे नको’ असे म्हटले, तर आपण ते ऐकून घेऊ की परीक्षेच्या प्रशस्तिपत्राकडे बोट दाखवू? ह्या प्रश्नाचे उत्तर ठरल्यावर मग सही करावी. आणि शक्य झाल्यास, तसबिरी पाहात उभ्या असलेल्या त्या पोराला जवळ बोलावून, हे आपण कशासाठी करीत आहोत ते त्याच्या भाषेत त्याला सांगावे.