ढाबळ आणि कबुतरखाना : मुंबईतील पारावतपालनासंबंधी एक टिपण

मुंबईत 'कबुतरखाना' हा शब्द आपल्या मूळ अर्थापासून बराच दूर गेलेला आहे. फारसीत त्याचा अर्थ कबुतरांचे घर. मराठीत ज्यास ढाबळ म्हणतात ते. १९३३ सालचा दादर येथील कबुतरखाना मात्र घर नव्हे. भर चौकातील ते एक वर्तुळाकार, कठडा घातलेले आवार होय. तेथे दाणे पडत, पक्षी उतरत, आणि रात्री आसपासच्या इमारतींच्या कंगोऱ्यांवर परतत. त्या थव्याला धनी असा कोणी नव्हता. पालन आणि दान या दोन भिन्न व्यवहारांस एकच नाव लाभल्याने पुढील वादात पुष्कळ गोंधळ माजला.

पालनाची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचविलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या वीस विनोदांमध्ये पारावतविनोदाची गणना केलेली आढळते. याच 'पारावत' शब्दापासून मराठीतील 'पारवा' आला. तो पक्ष्याचे नाव आहे, तसेच निळसर करड्या रंगाचेही. अकबराच्या पदरी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती व त्यांपैकी पाचशे 'खासा' समजली जात, असे अबुल फज्ल 'आईन-इ-अकबरी'त नमूद करतो. बादशहाने निरनिराळ्या वाणांचा संकर करून पैदास सुधारली, हे त्याचे विधान डार्विनलाही महत्त्वाचे वाटले.

शुभ्र कबुतरांच्या हौशी पालकाची अडचण डार्विनच्याच एका प्रयोगातून स्पष्ट होते. त्याने पांढरी लक्का कबुतरे आणि काळी बार्ब कबुतरे यांचा संकर केला. त्या संततीचा पुन्हा आपसांत संकर केल्यावर एक पिलू निघाले ते निळे, पंखांवर दोन काळे पट्टे असलेले. म्हणजे थेट रानपारव्याच्या रूपाचे. रंग टिकवावयाचा तर जोड्या निवडून वेगळ्या ठेवाव्या लागतात. आरंभ करणाऱ्याने एका उत्तम जोडीवर समाधान मानावे, हेच इष्ट. नव्याने आणलेली जोडी काही आठवडे जाळीतच ठेवावी लागते. अन्यथा ती जुन्या घराकडे निघून जाते. मादी बहुधा दोन अंडी घालते, ती नर व मादी आळीपाळीने सुमारे अठरा दिवस उबवितात, आणि पिलांस प्रथम गळ्यातील पिशवीत तयार होणारा दुधासारखा रस भरवितात. या रसाचा वाटा नरही उचलतो, ही गोष्ट इतर पाळीव पक्ष्यांच्या तुलनेत विलक्षण म्हणावी लागेल. गिरगाव वा लालबागच्या चाळीत ढाबळीला उजेड, वारा व कोरडी जमीन मिळणे कठीण. अशा ठिकाणी गच्चीवाचून हा छंद चालणे शक्य नाही.

ढाबळीचे खरे काम मात्र सफाईचे. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ यांमुळे फुप्फुसास होणाऱ्या विकाराला वैद्यकात 'कबुतरपालकाचे फुप्फुस' असेच नाव आहे; तो प्रथम ओळखला गेला तो पाळणाऱ्यांमध्ये. नाकावर फडके बांधून रोज विष्ठा खरवडणारा मनुष्य ढाबळीत असतो. चौकात तो कोणी व्हावयाचे, हा प्रश्न दादरला अनुत्तरितच राहिला होता.

जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने विधान परिषदेत शहरातील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे जाहीर केले, ते याच विकाराच्या कारणावरून. ऑगस्टच्या आरंभी दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला. भूतदयेचा व्रतस्थ आचार म्हणून दाणे टाकणाऱ्या जैन समाजास हा आघात वाटला. आणि तो केवळ हट्ट होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या दृष्टीने पक्ष्यांचा घास अकस्मात काढून घेतला गेला होता. ६ ऑगस्ट रोजी जमावाने ती ताडपत्री ओढून काढली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दाण्याची वाट पाहणारे पारवे त्यानंतरही कठड्याभोवती उतरत राहिले.