१६ एप्रिल : योगायोग आणि वाफ

भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे ठाण्यातील मुलांना पाठ असते. विल्बर राइटचा जन्मही याच तारखेचा (१८६७). पण तो निव्वळ योगायोग. वर्गात २३ मुले असली, तरी कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते!

जोसेफ ब्लॅकपाशी (जन्म १६ एप्रिल १७२८) मात्र आम्ही थांबतो. शून्य अंशाचे १ ग्रॅम पाणी उकळीला आणायला १०० कॅलरी लागतात. त्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४०, आणि तापमापीतला पारा जागचा हलत नाही. ही अप्रकट उष्णता ब्लॅकने ओळखली, जेम्स वॅटला समजावून दिली. ठाण्याला आलेल्या त्या ३ इंजिनांच्या बॉयलरांतील पाण्यानेही बहुतेक उष्णता घेतली ती तापण्यासाठी नव्हे, तर वाफ होण्यासाठी.