आठव्या मजल्यावरची पहाट

शनिवार, 14 एप्रिल 2001. ऑर्थोडॉक्स ईस्टरचा आदला दिवस. मॉस्कोच्या ओस्तान्किनो दूरचित्रवाणी केंद्रात आठव्या मजल्यावर पहाटेच्या अंधारात नवे पहारेकरी उभे राहिले आणि एनटीव्ही ही रशियातली सर्वांत वजनदार खासगी वाहिनी दुसऱ्याच्या हातात गेली. गोळी सुटली नाही, रक्त सांडले नाही. त्यामुळे तेव्हाही पुष्कळांनी ही कर्जवसुली आहे असे म्हटले, आजही म्हणतात. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते तारखा ओळीने लावल्या की दिसते.

साडेसात वर्षे आधी

व्लादिमीर गुसिन्स्की हे मूळचे नाट्यदिग्दर्शनाचे विद्यार्थी. सोव्हिएत अमलाच्या अखेरीस ते धंद्यात पडले आणि मोस्ट बँकेचे मालक झाले. 1993 च्या फेब्रुवारीत त्यांनी ‘सेगोद्न्या’ हे दैनिक काढले आणि 10 ऑक्टोबरला एनटीव्हीचे पहिले प्रक्षेपण झाले. इगोर मालाशेन्को, येवगेनी किसेल्योव आणि ओलेग दोब्रोदेयेव हे तिघे सरकारी दूरचित्रवाणीतून बाहेर पडलेले. त्यांना बातमी सरकारच्या तोंडून नव्हे, घटनास्थळावरून द्यायची होती. पुढच्या जानेवारीत चौथ्या वाहिनीवरचा संध्याकाळचा वेळ त्यांना मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चेचन्याचे युद्ध सुरू झाले. ग्रोझ्नीतले पडलेले रस्ते, कोवळ्या वयाची मेलेली सैनिक पोरे, तळघरात दडलेल्या म्हाताऱ्या बायका, हे सगळे रशियन घरांत एनटीव्हीने पोहोचवले. या वाहिनीचे नाव झाले ते या कामामुळे, आणि तो मान कुणी काढून घेऊ शकत नाही.

पावणेपाच वर्षे आधी

1996 ची अध्यक्षीय निवडणूक. कम्युनिस्ट परत येतील या भीतीने मालाशेन्को वाहिनीचे प्रमुख असतानाच बोरिस येल्त्सिन यांच्या प्रचारयंत्रणेत सामील झाले. येल्त्सिन जिंकले. त्याच वर्षी चौथ्या वाहिनीचा पूर्ण वेळ एनटीव्हीला मिळाला आणि गॅझप्रॉम या सरकारी वर्चस्वाखालील वायू कंपनीने वाहिनीचे 30 टक्के समभाग घेतले.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच वर्ष. ज्यांनी चेचन्यात सत्तेला उघडे पाडले, त्यांनीच सत्तेच्या हातून बक्षीस घेतले. हेतू चांगला होता असे ते सांगत, आणि तो असेलही. पण सरकारने मेहेरबानीने दिलेली लहर दुसऱ्या सरकारला परत घेता येते.

1997 च्या जानेवारीत ‘मीडिया-मोस्ट’ ही धारक कंपनी स्थापन झाली. एनटीव्ही, ‘एनटीव्ही प्लस’ ही उपग्रह सेवा, ‘सेगोद्न्या’, ‘इतोगी’ हे ‘न्यूजवीक’च्या सहकार्याने निघणारे साप्ताहिक, ‘एको मोस्क्वी’ हे रेडिओ केंद्र, सगळे एका छत्राखाली आले. 1 जानेवारी 1998 पासून टीएनटी ही आणखी एक वाहिनी त्यात मिळाली. पाच वर्षांत एका बँकवाल्याने देशातली सर्वांत मोठी खासगी माध्यमसंस्था उभी केली होती.

पावणेचार वर्षे आधी

जुलै 1997. स्व्याझइन्वेस्त या सरकारी दूरध्वनी कंपनीच्या समभागांचा लिलाव झाला. गुसिन्स्की ज्या गटात होते तो हरला. लिलाव ज्यांच्या देखरेखीखाली झाला ते खासगीकरण खात्याचे प्रमुख होते अल्फ्रेड कोख. मीडिया-मोस्टच्या वाहिनीने आणि वृत्तपत्राने कोख यांच्यावर टीकेची झोड उठवली. हे नाव लक्षात ठेवा.

ऑगस्ट 1998

रुबल कोसळला. डॉलरला सहाच्या आसपास असलेला भाव वर्षअखेर वीसच्या पुढे गेला. जाहिरातदार बाजारातून नाहीसे झाले. मीडिया-मोस्टचे उत्पन्न रुबलमध्ये, देणी डॉलरमध्ये. तरीही नोव्हेंबरात फ्लोरिडाच्या केप कॅनावेरलवरून ‘बोनम-1’ हा कंपनीचा स्वतःचा उपग्रह आकाशात गेला. मध्यमवर्ग वाढत जाईल आणि घरोघरी तबकड्या लागतील, या हिशेबावर हा सगळा डोलारा उभा होता, आणि तो मध्यमवर्ग ऑगस्टमध्येच बुडाला होता. परदेशी कर्जे गॅझप्रॉमच्या हमीवर उचललेली होती. म्हणजे कर्जफेड थकली की दारात उभे राहणार होते ते सरकारच.

13 महिने आधी

मार्च 2000. ‘कुक्ली’ या बाहुल्यांच्या कार्यक्रमात व्लादिमीर पुतीन यांची बाहुली जानेवारीपासूनच गाजत होती. 24 तारखेला, अध्यक्षीय निवडणुकीच्या दोन दिवस आधी, एनटीव्हीने रियाझान शहरावर चर्चा दाखवली. आदल्या सप्टेंबरात तिथल्या एका इमारतीच्या तळघरात संशयास्पद पोती सापडली होती. गुप्तचर खात्याने तो सराव होता आणि पोत्यांत साखर होती असे सांगितले होते. स्टुडिओत आलेल्या तिथल्या रहिवाशांचा त्यावर विश्वास नव्हता. याच महिन्यात क्रेडिट स्विस फर्स्ट बॉस्टनच्या 21.1 कोटी डॉलरच्या कर्जाची मुदत संपली. मीडिया-मोस्टने पैसे भरले नाहीत, हमीदार म्हणून गॅझप्रॉमने भरले. 26 तारखेला पुतीन निवडून आले.

11 महिने आधी

7 मे 2000 रोजी पुतीन यांचा शपथविधी झाला. 11 मे रोजी मीडिया-मोस्टच्या कचेऱ्यांत मुखवटे घातलेले सशस्त्र लोक झडतीसाठी शिरले. मधे चार दिवस.

10 महिने आधी

13 जून. गुसिन्स्की यांना अटक करून बुतिर्का तुरुंगात टाकण्यात आले. आरोप ‘रुस्कोये व्हिडिओ’ या सरकारी कंपनीच्या खासगीकरणातील अफरातफरीचा. पुतीन त्या दिवशी माद्रिदच्या दौऱ्यावर होते. तीन दिवसांनी गुसिन्स्की सुटले, पण देश सोडण्यास मनाई होती. त्याच महिन्यात गॅझप्रॉमच्या माध्यम कंपनीची सूत्रे अल्फ्रेड कोख यांच्याकडे आली.

9 महिने आधी

20 जुलै 2000. मीडिया-मोस्टचे समभाग गॅझप्रॉमला विकण्याच्या करारावर सही झाली: 30 कोटी डॉलर रोख आणि 47.3 कोटींच्या कर्जातून मुक्ती. कराराला सहा क्रमांकाचे परिशिष्ट होते. त्यात गुसिन्स्की यांच्यावरचा फौजदारी खटला मागे घेण्याची आणि त्यांना देशाबाहेर जाऊ देण्याची हमी होती. त्या परिशिष्टावर माहितीमंत्री मिखाईल लेसिन यांची सही आहे.

हे परिशिष्ट हाच माझा सगळा पुरावा. सावकार कर्ज वसूल करतो तेव्हा त्याच्या कागदावर मंत्री खटल्यातून सुटकेचे आश्वासन देत नाही. खटला काढून टाकला गेला, गुसिन्स्की परदेशी गेले आणि सप्टेंबरात त्यांनी जाहीर केले की सही दडपणाखाली झाली. करार मोडला. डिसेंबरात स्पेनमधील सोतोग्रांदे इथे त्यांना रशियाच्या मागणीवरून पुन्हा अटक झाली.

दरम्यान नोव्हेंबरात 21.1 कोटींच्या बदल्यात आणखी 16 टक्के समभाग देण्यात आले आणि गॅझप्रॉमचा वाटा 46 टक्के झाला. उरलेल्या 26.2 कोटींची मुदत होती जुलै 2001. ज्यांना हा निव्वळ पैशाचा वाद वाटतो, त्यांनी ही मुदत आणि 14 एप्रिल ही तारीख शेजारी ठेवून पाहावी.

11 दिवस आधी

3 एप्रिल 2001. गॅझप्रॉमच्या मुख्यालयात एनटीव्हीच्या भागधारकांची सभा झाली. कोख अध्यक्ष झाले, किसेल्योव यांना महासंचालकपदावरून काढले आणि त्यांच्या जागी बोरिस जॉर्डन हे रशियन वंशाचे अमेरिकन बँकर नेमले गेले. कर्मचाऱ्यांनी ही सभा बेकायदा ठरवली. ते घरी गेले नाहीत, रात्री कचेरीतच काढू लागले.

10 दिवस आधी

वाहिनीने बातम्या सोडून इतर कार्यक्रम थांबवले. पडद्यावरच्या बोधचिन्हावर ‘निषेध’ हा शब्द उमटला. सीएनएनचे संस्थापक टेड टर्नर यांनी गुसिन्स्की यांच्याकडचे समभाग घेण्याची तयारी दाखवली, पण त्यातून पुढे काही निष्पन्न झाले नाही.

7 दिवस आधी

‘नमेद्नी’ या कार्यक्रमाचे लोकप्रिय सूत्रधार लिओनिद पार्फ्योनोव यांनी राजीनामा दिला, आणि तोही किसेल्योव यांच्यावर टीका करत. सहकारी थेट प्रक्षेपणात एकमेकांशी भांडले आणि प्रेक्षकांनी ते पाहिले. 7 एप्रिलला ओस्तान्किनोसमोर हजारो लोक जमले. मॉस्कोत बातमीसाठी माणसे रस्त्यावर उतरली होती, हे मला फार मोलाचे वाटते. पण आत फूट पडली होती, आणि बाहेरची गर्दी ती भरून काढू शकत नव्हती.

शुक्रवार, 13 एप्रिल, संध्याकाळ

किसेल्योव स्पेनमध्ये होते, गुसिन्स्की यांना भेटायला गेलेले. सणाचा शनिवार-रविवार तोंडावर. शहर सैलावलेले, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत माणसे कमी.

शनिवार, पहाटे 3 ते 4

नव्या व्यवस्थापनाचे पहारेकरी आठव्या मजल्यावर आले आणि जुन्या पहाऱ्याची जागा त्यांनी घेतली. कागदपत्रांचा आधार दाखवला गेला. आत मोजकी माणसे होती. फोन सुरू झाले, पत्रकार झोपेतून उठून ओस्तान्किनोकडे धावले.

उजाडताना

दारात प्रत्येकाला एकच प्रश्न: नवे नेतृत्व मान्य आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्याला आत सोडले जात होते. वर्षानुवर्षे कॅमेऱ्यासमोर काढलेल्या माणसांना दारावरच्या पहारेकऱ्यापुढे निष्ठा सांगावी लागली. ज्यांनी मान्य केले त्यांना मी दोष देणार नाही. घर चालवायचे असते, आणि आतले पुष्कळ लोक गुसिन्स्की यांच्यासाठी नव्हे, बातमीसाठी तिथे राबत होते.

सकाळ

वाहिनीचे वृत्तनिवेदक आंद्रेई नोर्किन थेट प्रक्षेपणात आले आणि काय घडले ते प्रेक्षकांना सांगू लागले. ते बोलत असतानाच प्रक्षेपण तोडले गेले.

दुपारपर्यंत

राजीनाम्यांचा ढीग झाला. बाहेर पडलेले पत्रकार जवळच्या टीएनटीच्या जागेत गेले आणि तिथून त्यांनी बातम्या दिल्या. सरकारी वाहिनीचे प्रमुख झालेल्या दोब्रोदेयेव यांनीही त्या दिवशी आपल्या पदाचा राजीनामा पुढे केला. एनटीव्ही ते आधीच सोडून गेले होते, पण ती त्यांनी उभी केली होती. तो राजीनामा स्वीकारला गेला नाही.

48 तासांनंतर

सोमवार, 16 एप्रिल. ‘सेगोद्न्या’ बंद. दुसऱ्या दिवशी ‘इतोगी’चे सगळे संपादकीय कर्मचारी कामावर आले तर दार बंद. एका वाहिनीच्या कर्जाशी या दैनिकाचा आणि साप्ताहिकाचा काय संबंध होता? दोन्हींचा प्रकाशक गॅझप्रॉमच्या बाजूला गेला होता, एवढेच. 18 एप्रिलला स्पेनच्या न्यायालयाने गुसिन्स्की यांना रशियाच्या हवाली करण्यास नकार दिला. तोवर हवाली करण्यासारखी संस्थाच उरली नव्हती.

नऊ महिन्यांनंतर

किसेल्योव यांची मंडळी टीव्ही-6 या वाहिनीत गेली. तिथल्या 15 टक्के भागधारक असलेल्या ल्युकऑइल या तेल कंपनीच्या निवृत्तिवेतन निधीने कंपनी विसर्जित करण्याचा दावा लावला. आधार होता 1 जानेवारी 2002 पासून कायद्यातून गेलेल्या तरतुदीचा, आणि सर्वोच्च लवाद न्यायालयाने तरीही 11 जानेवारीला विसर्जन कायम केले. 22 जानेवारीच्या मध्यरात्री टीव्ही-6 चे प्रक्षेपण बंद झाले आणि त्या लहरीवर खेळ दाखवले जाऊ लागले. त्याच मंडळींनी 1 जून 2002 पासून टीव्हीएस ही वाहिनी चालवली. 22 जून 2003 रोजी तीही बंद करण्यात आली.

नव्या एनटीव्हीचेही फार काळ चालले नाही. मॉस्कोच्या नाट्यगृहातील ओलीसनाट्याच्या वार्तांकनानंतर जानेवारी 2003 मध्ये जॉर्डन यांना पद सोडावे लागले. पार्फ्योनोव परत आले होते, त्यांना जून 2004 मध्ये काढले. म्हणजे ज्यांनी नव्या मालकाशी जुळवून घेतले त्यांनाही जागा उरली नाही.

19 मे 2004 रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने गुसिन्स्की यांच्या बाजूने निकाल दिला. फौजदारी कारवाई आणि कोठडी ही व्यापारी सौद्यातली हत्यारे म्हणून वापरता येत नाहीत, असे न्यायालयाने बजावले. पुरावा म्हणून पुढे होते तेच सहा क्रमांकाचे परिशिष्ट.

मीडिया-मोस्टमधले ‘एको मोस्क्वी’ मात्र दीर्घकाळ तगले. त्याचे बहुसंख्य समभाग 2001 पासून गॅझप्रॉमच्या माध्यम कंपनीकडे होते. 1 मार्च 2022 रोजी, युक्रेनवरच्या हल्ल्याच्या बातम्या दिल्याबद्दल, त्याचे प्रक्षेपण थांबवण्यात आले आणि 3 मार्चला संचालक मंडळाने मतदान करून ते विसर्जित केले.