एअर इंडिया वैमानिक संप, 2012
इंडियन पायलट्स गिल्ड या संघटनेच्या वैमानिकांनी मे ते जुलै 2012 मध्ये केलेला सुमारे 58 दिवसांचा संप. त्याचे मूळ 2007 च्या विलीनीकरणात होते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स कागदावर एक झाल्या. सेवाज्येष्ठता, वेतन आणि बढतीचे नियम मात्र वेगळेच राहिले. समान वेतनासाठी इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी 2011 मध्ये संप केला होता. पुढच्या वर्षी नव्या बोइंग 787 ड्रीमलाइनरचे प्रशिक्षण त्यांनाही देण्याचे ठरताच मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांना आपली बढती रखडेल अशी भीती वाटली. त्यांनी आजारपणाच्या रजा टाकल्या आणि लांब पल्ल्याची आंतरराष्ट्रीय उड्डाणे रद्द होऊ लागली. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली, अनेकांना बडतर्फ केले. दिल्ली उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली. दोन वैमानिक गटांतले हे भांडण व्यवस्थापनाने पाच वर्षे चिघळू दिले, हा दोष मोठा. पण हाल प्रवाशांचे झाले. वैमानिकांनी न्यायालयात कामावर परतण्याची हमी दिल्यावर 3 जुलै रोजी संप मिटला.