कार्पेंटरमावशींचं पत्र आणि आजचा व्हिसा

आनंदीबाई जोशींचं नाव आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेतच ऐकलेलं असतं. कल्याणला जन्मलेली, नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी आई होऊन दहा दिवसांत बाळ गमावलेली मुलगी अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली. पण ती तिकडे गेली कशी, कोणाच्या भरवशावर, कोणता कागद हातात घेऊन, हे फारसं कोणी सांगत नाही. आज आम्ही तेवढंच बोलणार आहोत.

आनंदीबाईंचे पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट. १८७८ साली त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली. उत्तर आलं ते साधारण असं, की आधी ख्रिस्ती व्हा. ते काही या दोघांना मान्य नव्हतं. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या मिशनच्या मासिकात छापला गेला. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट बघत होत्या. तिथे पडलेलं मासिक त्यांनी चाळलं, त्यात हे पत्र वाचलं आणि सरळ आनंदीबाईंना पत्र लिहिलं. ना ओळख, ना देख! पुढे काही वर्षं पत्रं येत-जात राहिली. आनंदीबाईंची तब्येत बरी नसायची, तर या बाईंनी तिकडून औषधं पाठवली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. गोपाळराव सोबत नव्हते. वय अठरा. ४ जून रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा धक्क्यावर कार्पेंटरमावशी घ्यायला आल्या होत्या. उन्हाळाभर त्या मावशींच्याच घरी राहिल्या आणि मग फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

यात व्हिसा कुठे आला? कुठेच नाही. तेव्हा अमेरिकेत जायला आपल्याकडच्या माणसाला व्हिसा लागतच नव्हता. मात्र दार अगदी सताड उघडं होतं असंही नाही. १८८२ सालीच अमेरिकेने दोन कायदे केले होते. एकाने चिनी मजुरांना बंदी घातली. दुसऱ्याने बोटीने येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसामागे ५० सेंट कर बसवला आणि ज्याला स्वतःचं पोट भरता येणार नाही त्याला उतरू द्यायचं नाही असं ठरवलं. म्हणजे धक्क्यावर कोणीतरी आपलं माणूस उभं असणं, राहायला घर असणं, याला तेव्हाही वजन असणारच, असं आम्हाला वाटतं.

प्रवासाला परवाना मागायची रीत तशी इंग्रजांनी आणलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. एक माष घेऊन तो मुद्रा द्यायचा आणि ती असेल तरच माणसाला मुलखात येता-जाता येई. आपल्याकडे दस्तक हा शब्दही जुनाच. पण आज आपण ज्याला पासपोर्ट म्हणतो, ते सगळ्या जगाला लागू झालेलं पुस्तक पहिल्या महायुद्धाचं अपत्य आहे. लढाईत हेर येतील म्हणून देशोदेशी कागद मागू लागले. लढाई संपली, कागद राहिले. (सरकारी कागद एकदा सुरू झाला की जात नाही, हे बचत गटाच्या रजिस्टरवरून आपल्याला माहीत आहेच.) १९२० साली पॅरिसला देशांची परिषद भरली आणि पासपोर्ट बत्तीस पानांचा असावा वगैरे ठरलं. त्याच वर्षी आपल्याकडेही पासपोर्टचा कायदा झाला.

अमेरिकेने तर १९१७ साली हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना येऊन राहायलाच बंदी केली. विद्यार्थी आणि प्रवासी यांना सूट होती. १९२४ पासून निघण्याआधीच त्यांच्या वकिलातीतून व्हिसा घेणं कायद्याने पक्कं झालं. आनंदीबाई गेल्या त्याला तेव्हा जेमतेम चाळीस वर्षं झाली होती.

त्या जुन्या पासपोर्टमधली एक गोष्ट आपण बायकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. नवऱ्याच्या पासपोर्टमध्येच बायकोचा फोटो लावायला जागा असायची. अशा पासपोर्टवर नवरा एकटा जाऊ शके, बायको नाही. आणि पासपोर्ट मिळणं ही सरकारची मेहरबानीच मानली जाई. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशी जाणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे आणि सरकारला मन मानेल तसा नकार देता येणार नाही. त्यानंतर त्याच वर्षी आजचा पासपोर्ट कायदा आला.

आता उलट बाजूने पाहू. आमच्या गटाची एक परदेशी मैत्रीण आहे. तिच्या देशात ती बायकांच्या बचतीचंच काम करते. तिला आमच्याकडे चार दिवस राहायला यायचं होतं. तिने विचारलं, फॉर्म भरायला मदत कराल का? आम्ही मोबाईलवर तिच्यासोबत एकेक रकाना वाचत बसलो.

पूर्वी यासाठी भारताच्या वकिलातीत खेटे घालावे लागत. २७ नोव्हेंबर २०१४ पासून ४३ देशांच्या लोकांसाठी पर्यटक व्हिसाचा अर्ज घरबसल्या करायची सोय झाली आणि पुढे देश वाढत गेले. पासपोर्टचं पान आणि फोटो चढवायचा. पासपोर्ट निदान सहा महिने चालणारा हवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षराला अक्षर. आपल्याकडे आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं असं चालवून घेतात, तिथे नाही चालत. आई आणि वडील दोघांचीही नावं विचारतात, दहा वर्षांत कुठल्या देशांत गेलात तेही विचारतात. मित्रमैत्रिणींना भेटायला येणं हे पर्यटक व्हिसात बसतं, नोकरी बसत नाही. येण्याचं कारण खरं तेच लिहावं, हे आम्ही तिला पहिल्यांदा सांगितलं.

एका ठिकाणी मात्र ती अडकली होती. तिला आधी एक भलतंच संकेतस्थळ सापडलं होतं. दिसायला थेट सरकारी, फी मात्र कितीतरी जास्त. खऱ्या सरकारी पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं, ते पाहूनच पैसे भरावेत. गावात कोणी एजंट ‘व्हिसा नक्की करून देतो’ म्हणाला, तर त्याला हात जोडावेत. व्हिसा द्यायचा की नाही हे सरकार ठरवतं. आपण बोलावलं म्हणून तो मिळेलच असं नसतं.

आपलं काम इतकंच, की पत्ता आणि फोन खरा द्यायचा आणि पाहुणी आली की कळवायचं. परदेशी माणूस आपल्या घरी मुक्कामाला आलं, तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती देणारा फॉर्म भरावा लागतो. हा नियम हॉटेलला आहे तसा घरालाही आहे. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, अडलं तर पोलीस ठाण्यात विचारावं. पाहुणचाराच्या गडबडीत हे राहून जातं आणि त्रास पाहुणीला होतो.

त्या फॉर्ममध्ये ‘भारतातील ओळखीची व्यक्ती’ असा एक रकाना आहे. त्यात आमच्या गटाच्या अध्यक्षताईंचं नाव आणि मोबाईल नंबर लिहिला. ताईंनी ते नाव तीनदा वाचून घेतलं आणि विचारलं, “सायबाचा फोन आला तर हिंदीत बोलू का मराठीत?”