दिनविशेष : ११ डिसेंबर – होकार दिल्लीचा, कसोटी मेळघाटाची

११ डिसेंबर १९९२. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने या दिवशी मान्यता दिली. चोपन्न कलमांच्या या संहितेतले चोविसावे कलम मुलांचे आरोग्य, पौष्टिक अन्न आणि स्वच्छ पाणी यांची जबाबदारी सरकारवर टाकते. बालमजुरी मात्र एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने बंद करू, अशी पुस्ती भारताने होकारासोबतच जोडली होती.

वर्षही उलटले नव्हते. १९९३ च्या पावसाळ्यात मेळघाटाच्या चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतल्या कोरकू पाड्यांवरचे बालमृत्यू वर्तमानपत्रांत झळकले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ‘मेळघाट’ म्हणजे कुपोषण असे समीकरणच होऊन बसले. धुके पाहायला पर्यटकांची चिखलदऱ्याला रीघ लागते ती याच दिवसांत. पाड्यांवर तेव्हा घरातले धान्य संपत आलेले असते, शेतीची कामे सुरू असतात आणि नाल्यांना पूर आला की दवाखान्याची वाट बंद होते.

योजना नव्हत्या असे नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात अंगणवाडीचे पहिले तेहतीस प्रकल्प सुरू झाले, त्यांत धारणी होतेच! मेळघाटानंतर नवसंजीवनी योजना आली, २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन, तर २०१५ मध्ये अमृत आहार योजना. तिच्यातून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण मिळू लागले. पुढे मुलांसाठी अंडी-केळीही आली. न्यायालयाला मात्र डॉक्टरांच्या रिक्त जागांबद्दल सरकारला पुन्हा पुन्हा विचारावे लागले आहे.